मान्यता रद्द केली, म्हणजे सरकार सुटलं का?

पाऊलवाट:
खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या अनुदानित आश्रमशाळेचं प्रकरण २०१६ च्या दिवाळीनंतर बाहेर आलं. आदिवासी मुलींवर शाळेतच अत्याचार झाले होते. सफाई कामगारापासून मुख्याध्यापकापर्यंत अटका झाल्या, विशेष तपास पथक नेमलं गेलं, शाळेची मान्यता काढली. असं काही घडलं की क्रम ठरलेला: निलंबन, मान्यता रद्द, मुलं दुसऱ्या शाळेत.

माझ्या मते मान्यता काढणं ही सरकारने स्वतःची सुटका करून घ्यायची रीत झाली आहे. "संस्था खासगी होती हो" म्हणून हात झटकता येत नाहीत. परवानगी सरकारची, शिक्षकांचे पगार सरकारचे, मुलामागे राहण्या-जेवणाचं परिपोषण अनुदान सरकारचं. आणि पाड्याजवळ दुसरी सोय नाही, म्हणून पोर तिथे जातं, तेही सरकारमुळेच. आईबाप सहा-सात वर्षांचं लेकरू पत्र्याच्या पेटीसकट सोडून येतात, ते काही संस्थाचालकाचं तोंड बघून नव्हे.

तेव्हा अत्याचार सिद्ध झाला तर भरपाई, उपचार आणि पुढचं शिक्षण हे सरकारचं देणं असावं. आणि ज्यांनी "सर्व समाधानकारक" लिहून तपासणी अहवालावर सह्या ठोकल्या, त्यांनाही आरोपी करावं.

जुना अधीक्षक:
सही करणाऱ्याला आत टाका, हे ऐकायला झकास वाटतं. मी २१ वर्षं अधीक्षक होतो, सरकारी आश्रमशाळेत. तीनशेच्या वर मुलं आणि मी एकटा. पहाटे अंघोळीच्या पाण्यापासून सुरुवात. रात्री कुणाला ताप चढला की स्वयंपाक्याला मागे बसवायचं, पोराला दोघांच्या मध्ये, आणि मोटारसायकल काढायची आरोग्य केंद्राकडे. जाऊन-येऊन दोन तास. तेवढ्या वेळात वसतिगृहावर कोण? कुणी नाही. पहारेकऱ्याचं पद मंजूर होतं, माणूस मात्र मी निवृत्त होईपर्यंत आला नाही. दिवसा जिथे वर्ग भरायचा, तिथेच रात्री बाकं भिंतीला सारून अंथरुणं.

'सरकार जबाबदार' म्हटलं की ती जबाबदारी मंत्रालयातून निघते आणि उतरत उतरत अधीक्षकापाशी, नाहीतर कामाठ्यापाशी येऊन थांबते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या न्यायाने आधी माझ्यासारखा जाईल, पद न भरणारा तसाच राहील.

पाऊलवाट:
काका, पद न भरणं हीच तर सरकारची कसूर. मी तुमच्या बाजूनेच बोलतोय.

जुना अधीक्षक:
मग तसं लिहा ना. सहीचं कशाला काढलंत?

कलम आणि कागद:
मी बालहक्कांच्या केसेस चालवते, म्हणून थोडं कायद्याचं. पॉक्सो (२०१२), म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्यात कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायलाच हवं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य कळवलं नाही तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे 'शाळेची बदनामी नको' म्हणून दाबणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. अनेक संस्थाचालकांना हे आजही खरं वाटत नाही!

खरी भोकं तपासणीत आहेत. बाल न्याय कायद्याखाली (२०१५) नोंदलेल्या बालगृहाला बालकल्याण समितीने महिन्यातून किमान दोनदा भेट द्यायची असते. आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याच्या. तिथे ही यंत्रणा सहसा फिरकत नाही. मूल तेच, रात्रही तीच, फक्त खातं वेगळं.

पण पाऊलवाट, तपासणी वाढली की मुलं सुरक्षित, हेही गृहीत धरू नका. मुझफ्फरपूर आठवा. तिथल्या बालगृहात मुलींवर अत्याचार होत होते, आणि अधिकाऱ्यांची ये-जाही होती. प्रकरण उघड झालं ते २०१८ मध्ये आपल्या मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने बिहारमधल्या सुमारे ११० संस्थांचं सामाजिक अंकेक्षण केलं, म्हणजे मुलांशी बोलून बाहेरून तपासणी केली, तेव्हा. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. त्यात बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष होता, बाल संरक्षण अधिकारीही होता. राखणदारच!

डब्लिनकर:
भरपाईच्या मुद्द्यावर माझा विरोध. मी राहतो त्या आयर्लंडमध्ये हे होऊन गेलंय. चर्चच्या संघांनी चालवलेल्या निवासी शाळांमध्ये कित्येक दशकं मुलांचे हाल झाले. १९९९ मध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली, २००२ मध्ये भरपाई मंडळ आलं. त्याच वर्षी सरकारने धर्मसंघांशी करार केला की त्यांनी १२.८ कोटी युरो द्यावेत, वरचं सरकार बघेल. एकूण खर्च गेला दीड अब्ज युरोच्या आसपास. म्हणजे त्या करारानुसार ज्यांच्या भिंतींआड हे झालं त्यांचा वाटा दहा टक्केही नाही, बाकी करदात्याच्या खिशातून. उद्या आपल्याकडे 'सरकार देईल' ठरलं की संस्थाचालक जमीन-इमारत मुलाच्या नावावर करून मोकळा. आधी त्याची मालमत्ता जप्त करा, मग तिजोरी उघडा.

एक मात्र कबूल. २००९ च्या चौकशी अहवालाने तिथल्या शिक्षण खात्यावरही ठपका ठेवला, कारण खातं धर्मसंघांपुढे मान तुकवून होतं. आपल्याकडे संस्थाचालक बहुधा कोण असतो, ते सांगायला नको.

माझंही थोडं:
सगळं सरकारवर कशाला? पालक वर्षातून दोनदा तोंड दाखवतात. त्यांची काही जबाबदारी?

सातवीपर्यंतची:
दोनदा येतात, कारण एका फेरीला दोन दिवसांची मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं वेगळं. माझा बाप गणपतीनंतर यायचा तो थेट दिवाळीला न्यायलाच.

मी आश्रमशाळेत शिकले, नाव सांगत नाही. साहेबांची भेट असली की सकाळी कपाटातून नव्या चादरी निघायच्या. त्यांवर बसायचं नाही. साहेब गेले की घड्या घालून परत कपाटात. एकदा साहेबांनी विचारलं, जेवण कसं आहे? सर त्यांच्या मागेच उभे. आम्ही सगळ्या एका सुरात, चांगलं आहे साहेब.

तक्रारपेटी होती की. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, खिळ्याला. चिठ्ठी टाकायला गेलं की ऑफिसातून दिसायचं. अक्षर कुणाचं, तेही सर ओळखायचे, वह्या तेच तपासायचे ना.

शाळा बंद करा म्हणणाऱ्यांना एकच. माझ्या पाड्यावर चौथीनंतर शाळा नव्हती. आमच्या शाळेत एक प्रकरण झालं तेव्हा बापाने मला घरी नेलं, ते कायमचंच. म्हणून सातवीपर्यंतची. शिक्षा त्याला किती झाली माहीत नाही, माझी झाली.

जुना अधीक्षक:
ताई, तुमचं वाचून मघापासून बसलोय. आमच्याकडे पेटीची किल्ली माझ्याच जुडग्यात होती. कधी उघडायची याचा नियम असेल, मला कुणी सांगितला नाही, मीही विचारला नाही. वर्षाअखेर उघडली की चॉकलेटचे कागद निघायचे. आम्ही हसायचो.

सही करणाऱ्याला आरोपी करण्याबद्दलचं माझं मत तेच आहे. पण किल्ली गावातल्या बाईकडे हवी होती, शाळेबाहेरच्या.

पाऊलवाट:
आणि पेटी संडासाच्या वाटेवर. तिथे कोण कशाला गेलं, कुणी बघत नाही.