शब्दचर्चा : योगायोग, नियती की प्रारब्ध?

क्रिस्तॉफ किश्लोव्स्की या पोलिश दिग्दर्शकावर एक टिपण लिहितोय आणि एका शब्दावर अडलोय. त्याचा १९८१ साली पूर्ण झालेला, पण लष्करी कायद्यामुळे १९८७ पर्यंत अडकून पडलेला एक चित्रपट आहे. वितेक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी वूच शहराच्या स्टेशनवर वॉर्साची गाडी पकडायला धावतो. हीच धाव चित्रपटात तीनदा येते आणि दर वेळी पुढचं आयुष्य वेगळं होतं. पहिल्यांदा गाडी मिळते, तेव्हा तो कम्युनिस्ट पक्षात जातो. दुसऱ्यांदा रेल्वेच्या रखवालदाराशी झटापट होते, अटक होते आणि तो विरोधकांना मिळतो. तिसऱ्यांदा गाडी नुसतीच चुकते, फलाटावर ओळखीची मुलगी भेटते, पुढे लग्न आणि डॉक्टरकी. इंग्रजी नाव 'ब्लाइंड चान्स'. 'आंधळा योगायोग' कानाला खटकतं. 'नियतीचा खेळ' म्हणू का?

— 'नियती' नको. त्यात 'यम्' धातू आहे, आवरून, बांधून ठेवणं. इथे तर एकच माणूस तीन वेगळ्या आयुष्यांत शिरतो, म्हणजे बांधलेलं काहीच नाही. 'विधिलिखित' त्याच कारणाने बाद. 'काकतालीय' (कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच वेळ यावी तसं) अर्थाने जवळचा आहे, पण शीर्षकात पंडिती वाटेल.

— मूळ पोलिश नाव 'प्शिपादेक'. त्यात 'पडणे' आहे : जे येऊन पडतं ते. गंमत म्हणजे व्याकरणातल्या विभक्तीलाही पोलिशमध्ये हाच शब्द. आपल्याकडेही हे 'पडणं' ठायीठायी आहे : पदरात पडणं, गाठ पडणं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. 'दैव'मध्ये देव येतो, 'नशीब' म्हणजे मुळात वाटा, म्हणजे कुणीतरी वाटून दिलेला. 'पडणं' मात्र कर्त्याशिवाय होतं. किश्लोव्स्कीला हेच हवं असावं असं मला फार वाटतं.

— मग 'योगायोग'च का नको? फोड करून बघा : योग आणि अयोग. गाडी मिळणं हा योग, चुकणं हा अयोग. आपण बोलताना फक्त जुळून येण्याला योगायोग म्हणतो आणि हुकण्याचा अर्धा भाग विसरतो. या चित्रपटात तो अर्धा भागच जीव वाचवतो. पहिल्या दोन आयुष्यांत वितेकची परदेशवारी हुकते. तिसऱ्यात, जिथे तो सर्वांत सुखी आहे, तो विमानात बसतो आणि उड्डाण होताच स्फोट होतो. 'आंधळा' हे विशेषण काढून टाका, मूळ नावात ते नाहीच.

हे सुचलं नव्हतं, मनापासून आभार. पण मग त्याच्याच १९९४ च्या 'थ्री कलर्स : रेड'साठी हाच शब्द चालेल का? त्यात तरुण ओग्युस्तचं पुस्तक रस्त्यात पडतं, जे पान उघडतं त्यावरचाच प्रश्न परीक्षेत येतो. निवृत्त न्यायाधीश सांगतो की तरुणपणी त्याच्या बाबतीतही अगदी असंच झालं होतं. प्रेमातला विश्वासघातही दोघांचा एकसारखा.

— तिथे 'योगायोग' तोकडा पडतो. एकदा घडलं तर योगायोग. तेच आयुष्य दुसऱ्याच्या वाट्याला पुन्हा आलं, तर काय म्हणायचं? 'प्रारब्ध'चा शब्दशः अर्थ 'आधीच सुरू झालेलं', तो इथे चपखल बसतो.

— प्रारब्ध स्वतःच्या कर्माचं असतं, दुसऱ्याचं कसं भोगणार? शिवाय न्यायाधीशाला जी भेटायला हवी होती ती चित्रपटाची नायिका व्हॅलेंटिन ओग्युस्तला भेटते, तीही बुडालेल्या बोटीतून वाचलेल्या सात जणांत. म्हणजे जुनी गोष्ट नुसती पुन्हा घडत नाही, दुरुस्त होते. मी 'दैवयोग' म्हणेन.

'दैवयोग' मनात घोळतोय, पण किश्लोव्स्कीच्या चित्रपटात देव इतक्या सहज आणावा का, हे अजून ठरत नाही. पहिल्या चित्रपटासाठी मात्र 'योगायोग' पक्कं, आणि फोड पहिल्याच परिच्छेदात देतो.