मदत हवी आहे: आयसीयू सोडून कमी पगाराची पोस्ट घेतेय, ग्रॅच्युइटीचं काय?

नमस्कार मंडळी,

वय 51, शिक्षण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), राहायला भांडुपला. परळच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात 19 वर्षं झाली, त्यातली बारा आयसीयूत. दोन वर्षांपूर्वी कमरेची गादी सरकली. पट्टा बांधून ड्युटी करते, पण व्हेंटिलेटरवरचा ऐंशी किलोचा पेशंट दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा तर पट्टा तरी काय करणार! दिवसा मावशी-मामा हाताशी असतात, नाइटला शोधावे लागतात. मागच्या महिन्यात नाइट संपवून स्टेशनचा जिना चढताना पाय उचलेना. तिथेच पायरीवर बसले, गर्दी वळसा घालून जात राहिली.

मॅट्रनबाईंनीच मग इन्फेक्शन कंट्रोल नर्सची जागा सुचवली. नाइट नाही, रविवारी सुट्टी. कोण हात धुतंय, कॅथेटर किती दिवस राहिलाय, कोणाला सुई टोचली, याच्या नोंदी आणि ऑडिट. पिवळ्या पिशवीत काय टाकायचं आणि लाल पिशवीत काय, यावरून मी आत्ताही ओरडतेच, फुकटात.

पगार हातात 52 हजारांऐवजी 38 येईल. त्याचं गणित घरी मांडून झालंय. मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, घराचे 14 हप्ते बाकी, ह्यांची नोकरी चालू. ओढाताण होईल, पण निभेल.

अडलंय ते भलतीकडेच. एचआरवाले म्हणतात, ग्रेड वेगळी, त्यामुळे बेसिक 28 हजारांवरून 20 हजारांवर येणार. ग्रॅच्युइटी तर शेवटच्या बेसिकवर धरतात (डीए, म्हणजे महागाई भत्ता, आम्हाला वेगळा नाही): बेसिक गुणिले 15, भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. आज नोकरी सोडली तर 3,06,923 रुपये. नव्या बेसिकवर वयाच्या 58 पर्यंत, म्हणजे एकूण 26 वर्षं धरली, तर बरोबर 3,00,000. सात वर्षं जास्त राबून सात हजार कमी! तीनदा कॅल्क्युलेटर दाबून पाहिला. पीएफच्या पेन्शनला धक्का लागू नये, कारण तिथे धरायच्या पगाराला सध्या 15 हजारांची मर्यादा आहे आणि दोन्ही बेसिक तिच्या वरच.

बेसिक 28 वरच ठेवा आणि कात्री भत्त्यांना लावा, असं कोणी मागून लेखी मिळवलंय का? नाहीच म्हणाले, तर राजीनामा देऊन आजवरची ग्रॅच्युइटी घ्यायची आणि नव्या नेमणुकीवर परत यायचं, हा मार्ग एका मैत्रिणीने सुचवला. पण सलग नोकरी तुटणार, आणि मधल्या काळात त्यांनी शब्द फिरवला तर मी कुठे जाऊ?

वॉर्डातून ऑडिटला गेलेल्या सिस्टर इथे असतील तर अजून एक विचारते. फाइल घेऊन गेलं की जुन्या मैत्रिणी गप्प होतात का? आधीची आयसीएन (इन्फेक्शन कंट्रोल नर्स) दारात दिसली की "आली बाई तपासणी" म्हणणारी मीच होते.

'तब्येत आधी' एवढं मात्र लिहू नका, ते कमरेने केव्हाच सांगून ठेवलंय.

सोमवारी होकार-नकार कळवायचाय. आज आणि उद्या नाइट आहे, प्रतिसाद परवा सकाळी ट्रेनमध्ये वाचेन.