ओवेनच्या 'डिसेबल्ड'मध्ये चेतनगुणोक्ती नेमकी कुठे आहे?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. इंग्रजी करतेय. युद्धकवितेच्या पेपरला पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याची 'डिसेबल्ड' आहे. पाय गेलेला एक तरुण सैनिक चाकाच्या खुर्चीत अंधार पडायची वाट बघत बसलाय, एवढंच काय ते कवितेत घडतं. बाकी सगळं त्याच्या आठवणीत.

गाईडमध्ये प्रश्न आहे की चेतनगुणोक्तीमुळे (म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं दाखवणारा अलंकार) अपंगत्वाचं आणि युद्धाचं चित्रण कसं परिणामकारक होतं. खाली तयार उत्तर: 'कवीने युद्धाला रक्तपिपासू राक्षसाचे रूप दिले आहे.' कविता पुन्हा पुन्हा वाचली, राक्षस काही भेटला नाही. मला दिसल्या त्या दोनच जागा. एक, संध्याकाळी शहर मजेत झुलायचं. दुसरी, खेळणाऱ्या पोरांचे आवाज झोप आईसारखी येऊन घेऊन जाते. आता याचा पाय जाण्याशी काय संबंध? शाळेत अलंकार ओळखला की मार्क मिळायचा आणि विषय संपायचा. त्याच्या पुढे माझी गाडी जातच नाहीये.

खडूडस्टर

ताई, ते गाईड रद्दीत घाला. राक्षस सापडला नाही, हेच तुमच्या उत्तराचं पहिलं वाक्य होऊ द्या.

बरीच वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं, त्या भरवशावर सांगतो. ओवेनला युद्धातल्या वस्तू जिवंत करता येत नव्हत्या असं अजिबात नाही. 'अँथम फॉर डूम्ड यूथ'मध्ये तोफांना राग येतो. 'आर्म्स अँड द बॉय'मधली संगीन रक्ताला भुकेली आहे. 'एक्स्पोजर'मध्ये पहाट पूर्वेला आपलं सैन्य गोळा करून चाल करून येते, आणि बर्फाचे कण बोटांनी चाचपावं तसे सैनिकांचे चेहरे शोधत येतात. म्हणजे खंदकातल्या कवितांत निर्जीव जे आहे ते सगळं शत्रू होऊन अंगावर येतं.

'डिसेबल्ड'मध्ये मात्र तोफ नाही, गोळा नाही, समोरचा जर्मनही जवळजवळ नाही. त्याच्या मनात जर्मन फारसे आलेच नव्हते, असं कवी सांगतो. मग पाय नेले कुणी? इथे क्रियापदं बघा. त्याने आपले गुडघे 'फेकून दिले'. अंगातला रंग त्याने लांब कुठे तरी तोफगोळ्यांच्या खड्ड्यांत 'ओतला'. कर्ता तोच! फुटबॉलची मॅच झाल्यावर जरा घेतली होती, किल्ट (स्कॉटिश सैनिकांचा घागऱ्यासारखा पोशाख) घातल्यावर तू देवासारखा दिसशील असं कुणी तरी म्हणालं होतं, आणि गेला भरतीला. वय खोटं सांगितलं, तर समोरच्यांनी हसत हसत एकोणीस लिहून घेतलं. युद्धाला चेहरा दिला असता तर सगळं खापर त्याच्यावर फोडून मोकळं होता आलं असतं. ओवेन ती सोय ठेवत नाही.

आता तुमच्या दोन जागा. शहर झुलतं, दिवे झाडांवर कळ्यांसारखे फुटतात, झोप आई होते. इथे वस्तू क्रूर नाहीत, उलट मायाळू आहेत. पण ती माया दुसऱ्यांसाठी! झोप येते ती बागेतल्या पोरांना न्यायला, याला मागे ठेवून. आणि माणसं? ती तुकड्यातुकड्यांनी येतात. पोरांचे नुसते आवाज. बायकांचे नुसते डोळे, जे त्याच्यावरून सरकून धडधाकट पुरुषांकडे जातात. शहराला, झोपेला जीव आहे. खुर्चीतल्या माणसाला शेवटी कुणी तरी उचलून पलंगावर ठेवायचं आहे. जी हालचाल याच्याकडून गेली ती भोवतालच्या निर्जीवांना मिळाली, असं मांडा. मर्ढेकरांची घरं काळोखाच्या उशीवरून डोकी उचलतात तेव्हा सगळं जग एकदम जागं होतं. इथे जग जागं आहे आणि माणूस वगळलेला.

अवांतर: कविता 1917 सालची, एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळातली. ओवेन तिथे तोफमाऱ्याने मनावर झालेल्या आघातासाठी होता. बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला आणि 4 नोव्हेंबर 1918 रोजी मारला गेला. युद्ध संपायला आठवडा उरला होता.

अर्धाकप

सरांना +1. सिगफ्रीड ससून या दुसऱ्या सैनिक-कवीची 'डझ इट मॅटर?' शेजारी ठेवून वाचा. तोही त्याच इस्पितळात होता. पाय गेले म्हणून काय झालं, लोक काय, नेहमीच दया दाखवतील, असा तिचा सूर. ससून चिमटा काढतो, ओवेन काढत नाही. मला ससून जास्त पटतो, पण पेपरला हे लिहू नका.

चाकावरचा

सरांचं विवेचन आवडलं. पण थोडं भांडायचं आहे.

मी फौजी नाही. मोटारसायकलवरून पडलो, मणका गेला, तेव्हापासून व्हीलचेअर. त्यामुळे ही कविता मला जरा वेगळीकडून लागते. सगळे त्या आई झालेल्या झोपेजवळ थांबतात. मी थांबलो बाहीजवळ. त्याचा सूट कोपरापाशी आखूड शिवलाय. पिन लावलेली नाही, दुमडलेलं नाही, शिवलंय. म्हणजे कुणी तरी टेप घेऊन माप घेतलं आणि हात आता परत यायचा नाही हे धरून मशीन चालवलं. कुठलाही अलंकार नसलेली ही ओळ. मला तिथे घाम फुटला.

शेवटही तसाच. थंडी वाजतेय, उशीर झालाय, ते का येत नाहीत मला निजवायला? मणक्याच्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. मी होतो त्या वॉर्डात रात्रपाळीचा मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकच. बेल दाबायची आणि छताकडे बघत राहायचं. पंख्याच्या एका पात्यावर कोळ्याचं जाळं होतं, पंखा सुरू झाला तरी ते सुटायचं नाही. त्या वेळी पंखा माझ्याशी बोलत नव्हता की रात्र मला गिळत नव्हती. मामा येत नव्हता, एवढंच. ओवेनला हे कळलं होतं. शेवटच्या ओळींत त्याने कशालाच जीव दिलेला नाही.

आता भांडण. या माणसाकडे आहे काय? पोरी, फुटबॉल, खांद्यावरून काढलेली मिरवणूक. ते गेलं की पुढे संस्थेतली आजारी वर्षं आणि वाट्याला येईल तेवढी दया. ओवेनने स्वतःच लिहून ठेवलंय की त्याची कविता त्या करुणेत आहे. मान्य. त्याला युद्धाविरुद्ध साक्षीदार हवा होता. पण साक्ष झाल्यावर साक्षीदार घरी जातो. याला कवितेने खुर्चीतच ठेवलं. तो वैतागून शिवी देत नाही, विडी मागत नाही, शेजारच्याशी पत्ते खेळत नाही.

त्याच 1917 मध्ये आपल्याकडे जखमी सैनिकांना धंदेशिक्षण द्यायला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आज ती खडकीत आहे. आणि इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलं, मूळचे बॉक्सर, आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्ण. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलंच. पण त्यांच्याबद्दल पेपरात काय छापून येतं? 'मूर्तिमंत जिद्द'. झालं! इकडे करुणा, तिकडे जिद्द. तुमचा अलंकार निर्जीवाचा माणूस करतो, आमच्या बाबतीत जिवंत माणसाची नुसती अमूर्त कल्पना करून टाकतात.

खडूडस्टर

पत्त्यांचा मुद्दा बिनतोड. फक्त एक. तो गप्प नाही हो. फळं घेऊन आलेला गंभीर गृहस्थ आभार मानून त्याच्या आत्म्याची चौकशी करतो, ती ओळ मला कायम त्याच्याच तिरकस आवाजात ऐकू येते. 'स्वागताला काही जण ओरडले, पण गोल झाल्यावर ओरडतात तसं नाही,' हे सुद्धा. एवढं खवचट बोलायला माणूस आतून जागा लागतो.

चाकावरचा

हं. गोलची ओळ तुम्हाला दिली. फळवाला देत नाही, तसले आम्हाला अजून भेटतात.

कृष्णाकाठची

खूप आभार. प्रश्न दहा मार्कांना आहे, तीनशे शब्द. राक्षस नाही, क्रियापदं, झोप कुणासाठी येते, आणि शेवटी अलंकार थांबतो तो मुद्दा, एवढं बसवते. आखूड शिवलेली बाही घालू का? ती चेतनगुणोक्ती नाही ना.

खडूडस्टर

घाला. जागा कमी पडली तर अलंकाराची व्याख्या काढा, तपासणाऱ्याला ती पाठ असते.