खिडकीच्या चौकटीत लेडीबग: बाहेर सोडू की राहू देऊ?

पारिजातक: न्यू जर्सीत दक्षिणेकडच्या खिडकीच्या चौकटीत ऑक्टोबरपासून पन्नासेक लेडीबग (ढालकिडे) गठ्ठ्याने बसलेत. हीटिंग सुरू झाल्यापासून दिव्याभोवती घिरट्या घालतात, रोज दोनचार मरून पडतात. बर्फात सोडले तर जगतील का? घरात ठेवायचे तर खायला काय द्यायचं?

मावाशत्रू: आधी डोक्यामागची पांढरट ढाल बघा. तिच्यावर काळा 'एम' दिसला तर तो आशियाई ढालकिडा, हार्मोनिया ॲक्सिरिडिस. मावा म्हणजे झाडांचा रस शोषणारी बारीक कीड, तिच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेत वारंवार सोडलेला. रानात रुजलेला पहिल्यांदा सापडला तो 1988 साली, लुइझियानात. मुळात हा कड्यांच्या भेगांत हिवाळा काढणारा प्राणी. उन्हात तळपणारी तुमची फिकट भिंत म्हणजे त्याच्या लेखी कडाच. सात ठिपक्यांचा ढालकिडा बिचारा पालापाचोळ्यात, गवताच्या बुडख्याशी राहतो.

दिवस लहान झाले की अंडी धरणं थांबतं, अंगात चरबी आणि ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं, शरीरातलं पाणी शून्याखालीही द्रवच राहतं. कोरड्या फटीत -10 अंशांची रात्रही निभते. तुमचे मरतायत ते उबेने. 20 अंशांच्या खोलीत किडा जागा होतो, साठा भराभर जळतो आणि हीटरच्या हवेत अंग सुकतं.

कुंचला: चिमटीत धरू नका. पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा थेंब सोडतो. पडद्यावरचा डाग सहजी निघत नाही. मऊ ब्रशने पुठ्ठ्याच्या खोक्यात लोटा. आत चुरगळलेला कागद, कडेला बोटभर फट, आणि खोकं हीटिंग नसलेल्या गॅरेजमध्ये, उन्हापासून लांब. खाणं नको. उघड्या बर्फावर तर मुळीच नको, कारण ओल्या अंगाला बर्फाचा कण लागला की आतलं पाणीही गोठायला लागतं.

फारच झाले तर व्हॅक्यूमच्या नळीत नायलॉनचा मोजा घाला, काठ बाहेर उलटवून रबरबँड लावा. मशीन चालू असतानाच मोजा ओढून तोंड पिळा. आधी बंद केलंत तर सगळे परत बाहेर.

पारिजातक: एम आहे! मग फटी आत्ताच सिलिकॉनने बुजवू का?

मावाशत्रू: आत्ता नको. भिंतीत बसलेल्यांची बाहेरची वाट बंद झाली की ते घरातच उतरतील. वसंतात जाऊ द्या, मग सप्टेंबर संपायच्या आत 3 मिमीहून मोठी प्रत्येक फट बाहेरून भरा. भिंतीत औषध फवारू नका. मेलेल्या किड्यांवर गालिचे कुरतडणारे भुंगेरे येतात. चौकट मात्र साबणाच्या पाण्याने पुसा. जुन्या गठ्ठ्याचा माग पुढच्या वर्षीच्यांना तिथेच आणतो.

करडईवाला: इकडे महाराष्ट्रात इथले ढालकिडे डिसेंबर-जानेवारीत करडईवर, गव्हावर मावा फस्त करत असतात. इथली ओढाताण उन्हाळ्यात, शेतातला मावा संपल्यावर. तेव्हा तुमचं हे खोकं-गॅरेज इकडच्या कुणी करू नये.