हेडमध्ये सायलेन्सरचे स्टड तुटलेत, ईझी-आउट घेऊ का?

रिंगपाना:
१०० सीसीची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी. सायलेन्सरच्या फ्लॅन्जचे (पाइपच्या तोंडाच्या पट्टीचे) नट सोडवताना इंजिनच्या हेडमधले दोन्ही स्टड (बिनडोक्याचे, दोन्हीकडे आटे असलेले बोल्ट) तुटले. साइज एम ६ (६ मिमी जाड), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. डावा साधारण ४ मिमी बाहेर आहे. उजवा १ मिमी आत तुटलाय, तोही तिरका. हेड उतरवून टेबलावर घेतलंय, व्हॉल्व्ह अजून आत आहेत. रात्रभर डिझेल घालून ठेवलं, ढिम्म हलत नाहीत. ईझी-आउटचा (तुटलेल्या बोल्टमध्ये भोक पाडून आत घालायचा, उलट्या आट्यांचा स्क्रू) सेट स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? नवं हेड घ्यायचं नाहीये.

टर्नर:
ईझी-आउट नको. अख्खा ६ मिमीचा स्टड पिळून तुटला, पण आटा सुटला नाही. आता त्यातच ३ मिमीचं भोक पाडून त्याहून बारीक ईझी-आउटने तेवढाच जोर लावणार, मग आधी काय तुटेल? शिवाय तो निमुळता असतो, आत ठोकला की स्टडची पातळ भिंत फुगते आणि आट्यात आणखी घट्ट बसते. आत तुटला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही, इतका तो कडक असतो. मग एमआयडीसीत डाय-मोल्डवाल्याकडे स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं) करून घ्यावं लागतं.

ईझी-आउट निरुपयोगी नाही. क्लच कव्हरचा बोल्ट जास्त आवळल्याने डोकं तुटलं असेल, तर उरलेला तुकडा आत मोकळाच असतो, तो आरामात निघतो. गंजून जाम झालेल्या सायलेन्सर स्टडला मात्र तो लावू नये.

मिस्त्री६१३:
टर्नरभाऊंशी सहमत. डाव्याचं सांगतो. डबल नट (दोन नट एकमेकांवर आवळून स्टड फिरवणं) विसरा, एम ६ चा एक नटच ५ मिमी जाड असतो, ४ मिमीत बसणार कुठे? नट वेल्ड करा.

व्हॉल्व्ह आणि सील आधी काढा, रबर सील उष्णतेने जळतात. स्टडवर एम ८ चा नट ठेवा. एम ६ चा ठेवलात तर भोक लहान पडतं, रॉड खालपर्यंत पोचत नाही आणि वेल्ड नुसत्या नटाला लागतो. २.५ मिमीचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड घेऊन स्टडच्या टोकापासून सुरुवात करा, मग नट भरा. ॲल्युमिनियमला हा वेल्ड चिकटत नाही, शिंतोडे उडाले तरी घाबरू नका.

लाली गेली की स्टडच्या बुडाशी मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यात ओढलं जातं. मग १३ चा पाना लावून आधी किंचित आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या दिशेला, असं थोडं थोडं हलवत न्या. करकर आवाज आला की समजा सुटला. नट निघून आला तर पुन्हा वेल्ड करा, दोन-तीनदा करावं लागतं. दर वेळी स्टड तापून गार होतो, त्यात गंजाची पकड ढिली होते.

नुसत्या टॉर्चनेही कधी कधी काम होतं, कारण ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. आच स्टडवर नाही, भोवतालच्या हेडवर द्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचला की पुरे. गॅस कटिंगची ज्योत लावू नका. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, कळेपर्यंत कोपरा गळून पडलेला असतो.

रिंगपाना:
डावा निघाला! तिसऱ्या वेल्डला. उजव्याला ड्रिल मारावं लागेल ना? तोंड तिरकं आहे, पंच घसरतोय.

टर्नर:
तसंच ड्रिल लावलं तर ते पोलाद सोडून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरेल. लेथवाल्याकडून एक बुश (ड्रिलला वाट दाखवणारी छोटी नळी) करून घ्या: बाहेरून ५ मिमीला किंचित कमी, म्हणजे वरच्या रिकाम्या आट्यात सरकेल, आतून ३ मिमी भोक. मात्र १ मिमी खोलीत तो हलेल, म्हणून फ्लॅन्ज बसवून त्याच्या भोकातही बसेल असा पायरीचा बुश केलात तर उत्तम. डाव्या भोकात बोल्ट लावून फ्लॅन्ज पक्का करा.

३ मिमीचं ड्रिल शक्य तर उलट्या हाताचं घ्या, मशीनही उलटं चालवायचं. कधी कधी त्यानेच तुकडा फिरून बाहेर येतो. खोलीची खूण ड्रिलवर टेपने करा. वेग कमी, तेल भरपूर. मग ४, मग ५. मधोमध गेलं असेल तर ५ ला फक्त आट्यांची पातळ स्प्रिंग उरते, ती टोकदार सळईने सोलून काढा आणि एम ६ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. ४ ला बाजू सरकलेली दिसली तर तिथेच थांबा.

शंकासुर:
तुरटीचा उपाय कोणी सांगितला नाही. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घातली की ते पाणी लोखंड खातं, ॲल्युमिनियमला फारसं काही करत नाही. ड्रिलचं भोक पडलेलं असेल तर काम लवकर होतं.

टर्नर:
होतं, पण हेड बुडवू नका! व्हॉल्व्ह सीट लोखंडाच्या असतात, त्याही खाईल. भोकाभोवती पुट्टीचं आळं करून फक्त तिथेच थेंब घाला, गरम ठेवा, काळं झालं की बदला. दिवस-दोन दिवस जातात.

रिंगपाना:
ड्रिल अर्धा मिमी बाजूला गेलंय, एका बाजूचे आटे गेले.

मिस्त्री६१३:
मग हेलिकॉइल, म्हणजे भोक मोठं करून आत बसवायची तारेची आटेवाली कॉइल. एम ६ ला ६.३ मिमीचं ड्रिल लागतं, पण हातमशीनने मारू नका, ते जुन्या वाकड्या भोकामागेच जातं. मिलिंग मशीनवर एंड मिलने (जुन्या भोकामागे न सरकणारं कटर) मूळ केंद्रावर भोक घ्या, मग किटमधला टॅप. ९ मिमी लांबीची कॉइल, वरच्या कडेपासून अर्धा पिच आत, आणि खालची शेपटी तोडून चिमट्याने बाहेर काढा.

नवे स्टड कॉपर ग्रीस लावून हातानेच बसवा. गॅस्केट नवं. सायलेन्सरचे सगळे बोल्ट आधी बोटांनी, मग फ्लॅन्जचे दोन्ही नट आळीपाळीने १० न्यूटन-मीटरपर्यंत, मागचा ब्रॅकेट सर्वांत शेवटी. ब्रॅकेट आधी आवळला की पाइप स्टडला एका बाजूला ओढत राहतो.