मदत हवी आहे: जेलमधल्या भावाला कॅन्टीनसाठी पैसे पाठवायचेत

नमस्कार मंडळी, माझा लहाना भाऊ हर्सूल जेलला आहे, कच्चा कैदी, केस चालूच आहे. गावाकडून सारखं संभाजीनगरला जाणं होत नाही, आईला तर गुडघ्यामुळं एसटीत चढताच येत नाही, म्हणून पोस्टातून मनीऑर्डर करावी म्हणतोय. ती आत त्याच्या पीपीसी खात्यावर (जेलमधलं कैद्याच्या स्वतःच्या पैशांचं खातं) जमा होते आन् त्यातून तो कॅन्टीनमधून साबण, तेल, बिस्किटं घेऊ शकतो एवढं माहितीय. वीस रुपयांमागं एक रुपया कमिशन जातं, ते जाऊ द्या, पण फॉर्मवर नाव आन् बंदी नंबर पुरतो का बापाचं नाव, बराक पण टाकावी लागते? 2021 मधे महिन्याला 4500 ची मर्यादा होती, आता किती चालतात? मी आन् बहिणीनं वेगवेगळी पाठवली तर एखादी परत येईल का? एकजण म्हणला मला फोनपे करा, मी आत पोचवतो, आम्ही सरळ नाही म्हणलं, तुम्ही पण असल्यांच्या नादी लागू नका. ई-मुलाखतीत (व्हिडिओ कॉलवरच्या भेटीत) तो स्वतःहून काही मागत नाही हो, पण थंडीनं ओठ पार उललेले दिसले, आई तेच घेऊन बसलीय. ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी प्लीज सांगा, संक्रांतीच्या आत पैसे पोचले पाहिजेत.