हायडेगर वाचायचा की नाही? त्याच्या नाझी असण्याचं नेमकं काय करायचं?

पानगळ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. मी फिलॉसॉफीत एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि डिसर्टेशन विसाव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याच्या मृत्यूविषयीच्या विचारावर घेतलंय. दोन वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा त्याच्या 'बीइंग अँड टाइम' या ग्रंथातला तो भाग वाचत होते, आपलं मरण आपल्या वतीने दुसऱ्या कुणाला मरता येत नाही वगैरे, आणि तेव्हा तो जो आत शिरला तो शिरलाच. गेल्या रविवारी काकांनी विषय विचारला, मी सांगितलं, त्यांनी तिथेच फोनवर शोधलं आणि म्हणाले अगं हा तर नाझी होता की, याला कशाला डोक्यावर घेतेस. मला उत्तरच देता आलं नाही. गाइडला विचारलं तर ते म्हणाले राजकारणात शिरू नकोस, ग्रंथापुरतं बोल. पण असं ग्रंथापुरतं बोलता येतं का? नीत्शे या आधीच्या जर्मन तत्त्वज्ञाबद्दलही लोक हेच म्हणतात, मग हे दोघं एकाच माळेचे मणी आहेत का? प्लीज कुणीतरी नीट सांगा.

काळा_फळा:
आधी नीत्शेचं सांगतो कारण ते लवकर आटपतं. १८८९ च्या जानेवारीत तुरीन शहरात त्याचं मानसिक संतुलन गेलं ते परत आलंच नाही आणि १९०० साली तो वारला, म्हणजे नाझी पक्ष जन्माला यायच्या आधी वीस वर्षं. बहीण एलिझाबेथ, तिचा नवरा कट्टर ज्यूद्वेष्टा, दोघांनी पॅराग्वेत 'शुद्ध' जर्मनांची वसाहत काढली होती, आणि या लग्नापायी भावाने तिला किती संतापून पत्रं लिहिलीत ती आज वाचायला मिळतात. पुढे त्याचे कागद तिच्याच ताब्यात गेले. सुट्या टिपणांतून 'विल टू पॉवर' नावाचं पुस्तक जुळवलं गेलं, जे त्याने पुस्तक म्हणून कधी पुरं केलंच नव्हतं. १९३५ ला ती गेली तेव्हा अंत्यविधीला स्वतः हिटलर हजर होता. नीत्शे अगदी धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही, लोकशाहीबद्दल त्याला तुच्छताच होती आणि नाझींना धरायला मूठ त्याच्या लिखाणात सापडली. पण त्याच्या नावावर दुसऱ्यांनी केलं आणि हायडेगरने स्वतःच्या हाताने केलं, हा फरक लहान नाही.

हायडेगर २१ एप्रिल १९३३ ला जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे कुलगुरूसारखा प्रमुख, म्हणून निवडून आला, १ मे ला नाझी पक्षात गेला, २७ मे ला रेक्टर म्हणून ते गाजलेलं भाषण दिलं. पुढच्या एप्रिलमध्ये रेक्टरपद सोडलं. पक्ष मात्र १९४५ पर्यंत सोडला नाही.

नदीकाठ:
मला जरा वेगळं वाटतं, राग नसावा. आज आरामात बसून नव्वद वर्षांपूर्वीच्या माणसाला शिक्षा ठोठावणं सोपं आहे. नोकरी, बायको, दोन मुलं, सगळा देश एका दिशेने धावतोय, अशा वेळी कितीजण उभे राहिले असते? त्याचा विद्यार्थी आणि पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेल्या गाडामरनेसुद्धा १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये प्राध्यापकांच्या त्या हिटलरनिष्ठेच्या पत्रकावर सही केलीच होती ना, पण त्याच्यावर असे धागे निघत नाहीत. वर्षभरात राजीनामा दिला हेही हायडेगरच्या पदरात टाकायला हवं. आणि युद्धानंतर त्याला शिकवायला बंदी होती, ती त्याने भोगली.

ट्राम२:
नदीकाठ, तुमचा मुद्दा मी खूप वर्षं मानत होतो. मी नोकरीनिमित्त फ्रायबुर्गलाच असतो. इथून दोन नंबरची ट्राम शेवटपर्यंत गुंटरस्टालला जाते, तिथल्या छोट्याशा दफनभूमीत एडमुंड हुसर्लची कबर आहे. हुसर्ल म्हणजे हायडेगरचे गुरू, निवृत्त होताना त्यांनी आपली खुर्ची याच्या हाती दिली. जन्माने ज्यू. धाकटा मुलगा पहिल्या महायुद्धात व्हर्दंला जर्मनीसाठी लढताना मेला, आणि तरी १९३३ च्या एप्रिलमध्ये ज्यू म्हणून विद्यापीठाने त्यांना बाजूला केलं. ही कारवाई हायडेगर रेक्टर व्हायच्या आधीची, ती त्याच्या माथी मारू नये. पण १९३८ ला हुसर्ल त्याच गावात वारले आणि हायडेगर अंत्यविधीला गेला नाही. पुढे १९६६ च्या मुलाखतीत त्याने याला मानवी उणीव म्हटलं आणि हुसर्लबाईंची पत्राने माफी मागितली असं सांगितलं. त्या कबरीपाशी मी दोनतीनदा गेलोय. हे अंतर चालत जाण्यासारखं आहे हो, म्हणून ते मनातून जात नाही.

आता पानगळ, तुझ्या कामाचं सांगतो. 'बीइंग अँड टाइम' हुसर्लना अर्पण केलेलं आहे. १९४१ च्या आवृत्तीत अर्पणपत्रिका काढली गेली. हायडेगरचं म्हणणं असं की प्रकाशकाला पुस्तक अडेल अशी भीती होती, आणि आभाराची तळटीप मात्र मी हट्टाने ठेवायला लावली. तळटीप राहिली हे खरं आहे. युद्धानंतर अर्पणपत्रिका परत आली, त्यामुळे आज कुठलीही प्रत हातात घेतली तरी ते पान जागेवर दिसतं आणि मधे ते गायब होतं याचा मागमूस लागत नाही.

चंदनवेल:
सगळ्यांनी केलं म्हणून यानेही केलं, हे मला पटत नाही कारण सगळ्यांनी हे केलं नव्हतं. म्युनिकच्या रिचर्ड होनिग्स्वाल्ड या ज्यू वंशाच्या प्राध्यापकाबद्दल १९३३ च्या जूनमध्ये हायडेगरकडून मत मागवलं गेलं आणि त्याने विरोधात कडक पत्र लिहिलं. होनिग्स्वाल्डची नोकरी गेली, १९३८ ला त्याला डाखाऊच्या नाझी छळछावणीत टाकलं, पुढे कसाबसा अमेरिकेला पोचला. एक सही करणं वेगळं आणि दुसऱ्याचं पोट मारणारं पत्र लिहिणं वेगळं.

उलट कुर्ट हूबर बघा. तेही म्युनिकलाच फिलॉसॉफी शिकवायचे, १९४० ला पक्षाचे सदस्य झाले होते, आणि तरी व्हाइट रोझ या विद्यार्थ्यांच्या छुप्या गटातल्या पोरांसाठी हिटलरविरोधी पत्रक त्यांनी लिहून दिलं आणि १३ जुलै १९४३ ला त्यांना मृत्युदंड दिला. म्हणजे नुसतं सदस्यत्वाचं कार्ड बघून माणूस कळत नाही, दोन्ही बाजूंनी.

बंदीचं म्हणाल तर ती का आली ते बघा. तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स हा हायडेगरचा जुना मित्र, यास्पर्सची बायको ज्यू. १९३७ ला त्याची प्राध्यापकी काढून घेतली, शेवटी शेवटी नवराबायको दोघं घरात विष ठेवून होते, अमेरिकन सैन्य हायडेलबर्गला पोचलं म्हणून वाचले. १९४५ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठाच्या चौकशी समितीने याच यास्पर्सचं मत मागवलं. त्याने लिहिलं की हायडेगरची विचार करायची पद्धतच मुक्त नाही, हुकूमशाही वळणाची आहे, आत्ता त्याच्या हाती तरुण मुलं देणं घातक, पण त्याचं लिखाण चालू राहावं म्हणून पेन्शन द्या. मला आजवर याहून न्यायाचं मत दिसलेलं नाही.

काळा_फळा:
चंदनवेलताईंशी शंभर टक्के सहमत. आणि 'ग्रंथापुरतं' याबद्दल एक. १९३६ ला रोममध्ये हायडेगर कार्ल ल्योविटला भेटला, त्याचाच विद्यार्थी, ज्यू वंशाचा म्हणून देश सोडून आलेला. हायडेगरच्या कोटावर पक्षाचा बिल्ला तसाच लावलेला, ल्योविटसमोर. ल्योविटने म्हटलं तुमचं राजकारण तुमच्या तत्त्वज्ञानातूनच आलंय असं मला वाटतं, तर हायडेगर हो म्हणाला, माझी इतिहासाबद्दलची संकल्पनाच त्याच्या मुळाशी आहे. आता खुद्द लेखक जोडतोय तर गाइडने तोडून कसं चालेल? त्यात २०१४ पासून ब्लॅक नोटबुक्स, म्हणजे हायडेगरच्या खासगी वह्या, छापून आल्या, त्यात ज्यूंच्या 'हिशेबी' वृत्तीबद्दल जे लिहिलंय ते कुठल्या अधिकाऱ्याला खूश करायला नव्हतं, स्वतःच्या वहीत होतं. माझ्या मते सगळ्यात जड गोष्ट मात्र १९४५ नंतरची आहे. तो १९७६ पर्यंत जगला. नाझींच्या छळछावण्यांबद्दल सरळ शब्दात खेदाचं एक वाक्य त्याने जाहीरपणे म्हटलं नाही. १९४९ च्या भाषणात उल्लेख आहे तो यांत्रिक शेतीशी तुलना करण्यापुरता.

तरी वाच बाई, नक्की वाच. लेविनास हा ज्यू तत्त्वज्ञ, त्याचे आईवडील आणि भाऊ लिथुआनियात नाझींच्या काळात मारले गेले. तो म्हणायचा की पुष्कळ जर्मनांना क्षमा करता येईल पण हायडेगरला करणं कठीण आहे, आणि तरी जन्मभर त्याने हायडेगरला समोर ठेवूनच विचार केला.

पानगळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून तिसऱ्यांदा धागा वाचतेय. आज लायब्ररीत जाऊन माझी नेहमीची प्रत काढली, इंग्रजी भाषांतर. पहिलीच पानं उलटली तर आहे ते पान, एडमुंड हुसर्ल यांना, आदराने आणि मैत्रीने, खाली टोटनाउबर्ग, म्हणजे हायडेगरची डोंगरातली झोपडी होती ते गाव, आणि ८ एप्रिल १९२६. शोधलं तर ८ एप्रिल हा हुसर्लचा वाढदिवस निघाला. दोन वर्षं मी हे पान न बघता पुढे जात होते. ती तळटीपही सापडली.

विषय बदलत नाहीये. पण पहिलं प्रकरण आता या पानापासून सुरू करायचं ठरवलंय, गाइडना सोमवारी तसं सांगणार आहे, ते नाही म्हणाले तर यास्पर्सचं मत छापून घेऊन जाईन. आणि रविवारी काकांकडे पुस्तक घेऊन जातेय, त्यांना दोन्ही दाखवायचंय, हे पान आणि मरणाचा तो भाग. ट्राम२ दादा, पुन्हा गुंटरस्टालला गेलात तर माझ्या वतीने थोडी फुलं ठेवाल का?

ट्राम२:
शनिवारी जातो.